झाकण सैल ठेवा

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीच्या गच्चीवरची खोली. मधोमध दोन टेबलं जोडून त्यावर मेणकापड अंथरलंय. डाव्या बाजूला कोंबुचाच्या, म्हणजे आंबवलेल्या चहाच्या, बाटल्या रांगेत आहेत. जांभूळ, कोकम, आलं-लिंबू, आणि एकीवर नुसतंच ‘ओळखा’. मधे केळीच्या पानावर पावट्याचं टेंपे, शेजारी सुती फडक्यात गुंडाळलेले तीन पाव. उजव्या टोकाला, सगळ्यांपासून लांब, ताटलीत ठेवलेली एक काचेची बरणी. आत गाजर-बिटाची कांजी, वर हिरवट-काळ्या बुरशीचा थर. झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली: ‘उघडू नका. फक्त बघा. पाचवा दिवस. मीठ कमी पडलं.’

सगळ्यात जास्त गर्दी त्या बरणीभोवती होती.

महिन्यातल्या एका रविवारी इथे पंधरा-वीस माणसं जमतात. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, सॉफ्टवेअरमधली काही तरुण मंडळी, एक दंतवैद्य, पाव आणि टेंपे करणाऱ्या एक काकू, शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या बाई, नुकतीच बारावी झालेली एक मुलगी आणि तिच्यासोबत तिची आजी. नियम दोनच. हातात काहीतरी घेऊन यायचं, आणि ते कसं केलं ते काहीही न लपवता सांगायचं. बिघडलं असेल तर जरूर आणायचं. वर्गणी नाही, पदाधिकारी नाहीत. जाताना मात्र रिकाम्या हाताने कोणी जात नाही. कोणाकडे चमचाभर स्टार्टर, कोणाकडे कोंबुचाचा बुळबुळीत पापुद्रा, कोणाकडे टेंपेच्या बुरशीची पुडी.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘हौस’ हा विषय कळवला, तेव्हा मला आधी ही माणसं आठवली. स्वयंपाकातली हौस आपण सहसा ताटात काय वाढलं यावरून मोजतो. इथे ती वाढायच्या आधीच्या दोन-चार दिवसांत असते, जेव्हा बरणीत काहीतरी चाललेलं असतं आणि ते नीट चाललंय की नाही हे एकट्याला ठरवता येत नाही. तेवढ्यासाठी दुसरं नाक लागतं.

तिसऱ्या दिवशी ‘मेलेलं’ पीठ

“काकू, माझं मेलं बहुतेक.”

“कितवा दिवस?”

“चौथा. परवा एवढं फुगलं होतं, बरणीच्या बाहेर आलं. कालपासून हालचालच नाही.”

“मग जिवंत आहे. टाकू नकोस.”

सावरडो पावाचं स्टार्टर म्हणजे पीठ आणि पाणी समप्रमाणात कालवून ठेवलेलं मिश्रण. बाहेरचं यीस्ट घालायचं नाही. पिठावर मुळातच असलेली यीस्ट आणि जिवाणू वाढू द्यायचे, रोज थोडं काढून टाकायचं आणि ताजं पीठ-पाणी घालायचं. नवशिके जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी अडतात. दुसऱ्या दिवशी मिश्रण दणक्यात फुगतं, माणूस हरखतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळं थंड पडतं. निम्म्याहून अधिक लोक इथेच बरणी धुऊन टाकत असतील, असा काकूंचा अंदाज आहे.

पहिली उसळी यीस्टची नसतेच. ती असते ल्यूकोनोस्टॉकसारख्या जिवाणूंची. ताज्या मिश्रणात ते भराभर वाढतात, भरपूर वायू सोडतात आणि आम्लही तयार करतात. आम्ल वाढलं की त्यांची वाढ खुंटते. मग एक सामसूम येते. त्या सामसुमीत आंबटपणा मानवणारे लॅक्टिक जिवाणू जम बसवतात, त्यांच्यामागून यीस्ट जागं होतं, आणि सहाव्या-सातव्या दिवशी पीठ पुन्हा फुगायला लागतं. या वेळचं फुगणं खरं असतं. वासही बदलतो. आधीचा कुबट वास जाऊन पिकल्या सफरचंदासारखा, किंचित दारूसारखा वास येतो.

हे कोडं सुटलं त्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते. अमेरिकेतल्या घरगुती पाव भाजणाऱ्यांची हीच तक्रार होती. डेब्रा विंक या सूक्ष्मजीवशास्त्राची जाण असलेल्या रसायनतज्ज्ञ बाई स्वतःही घरी पाव करायच्या. इतर हौशी मंडळींच्या नोंदी आणि स्वतःचा सूक्ष्मदर्शक यांच्या मदतीने त्यांनी गुन्हेगार शोधला, आणि उपायही सुचवला: सुरुवातीचे काही दिवस पाण्याऐवजी अननसाचा रस घालायचा. रस मुळातच आंबट, त्यामुळे ल्यूकोनोस्टॉकला डोकं वर काढायला जागाच राहत नाही आणि मधली सामसूम टळते. २००८ साली अमेरिकेतल्या पाववाल्यांच्या संघटनेच्या पत्रिकेत त्यांनी हे सविस्तर मांडलं. घरोघरच्या फसलेल्या बरण्या कोणीतरी एकत्र मांडून पाहिल्या, म्हणून ते उमगलं. कोथरूडच्या मंडळींनी अननसाऐवजी लिंबाचे थेंब घालून पाहिले आणि चालतं म्हणतात.

शास्त्राच्या बाईंनी यावर एक गोष्ट सांगितली आणि खोलीतल्या सगळ्या आज्या एकदम सरसावून बसल्या. पावाच्या पिठात जो जिवाणू उपरा ठरतो, तोच आपल्या इडलीचा कर्ता आहे. इडलीचं पीठ मुख्यतः ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिसमुळे फुगतं, हे १९६५ सालच्या संशोधनात दाखवलं गेलं. इडलीला यीस्ट लागत नाही. उडदाच्या डाळीतला चिकट भाग आणि तिची प्रथिनं मिळून तो वायू धरून ठेवतात, म्हणून वाटताना डाळ हलकी आणि फेसाळ व्हायला हवी. पाव करणारा ज्याची वाट लावायला बघतो, त्याच्यासाठी इडलीवाली रात्रभर पातेलं उबेत ठेवते. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो तेव्हा तिची काय धांदल उडते ते सगळ्यांना माहीत आहे. तांदळाच्या डब्यात पातेलं पुरणं, घोंगडीत गुंडाळणं, नुसता दिवा लावलेल्या ओव्हनमध्ये ठेवणं. आजींनी त्यात आपली भर घातली. त्यांच्या सासूबाई पातेलं चुलीजवळच्या वैलावर ठेवत, “निखारे विझले की मग, आधी नाही.”

चक्कीचं पीठ, एप्रिलचं ऊन

परदेशी पुस्तकांत लिहिलेली वेळ इथे लागू पडत नाही, हे प्रत्येकाला पहिल्या उन्हाळ्यात कळतं. तिकडच्या स्वयंपाकघरात बावीस-चोवीस अंशांना जे पीठ फुगायला सात-आठ तास घेतं, ते पुण्यात एप्रिलमध्ये तीन-चार तासांत फुगून, मोडून, आंबट होऊन बसतं. उपाय सगळ्यांनी मिळून काढले. स्टार्टरचं प्रमाण निम्म्यावर आणायचं, पाणी बर्फाचं घ्यायचं, मळून झाल्यावर तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये टाकायचं आणि सकाळी भाजायचं.

दुसरी अडचण पिठाची. चक्कीवर दगडाच्या पात्यांमध्ये गहू घट्ट दाबून दळला जातो. त्यात पिष्टाचे बरेच कण फुटतात, आणि फुटलेला कण जास्त पाणी पितो. म्हणूनच आपली कणीक मऊ होते आणि पोळी फुगते. पण पिठातली विकरं या फुटलेल्या कणांवर लवकर तुटून पडतात, साखर भराभर तयार होते आणि आंबणं वेगात होतं. परदेशी कृतीतलं पाणी घातलं तर मळताना पीठ कोरडं लागतं, आणि जास्त घातलं तर तीन तासांनी पसरून सपाट होतं. खपली गव्हाचं तर तंत्रच वेगळं. सांगली-साताऱ्याकडून आणलेली खपली चवीला अप्रतिम, पण तिच्या ग्लूटेनला ताण सोसत नाही. काकांनी शेवटी निम्मी खपली आणि निम्मा मैदा यावर तह केला, आणि तो पाव उंच न करता साच्यात भाजायचा ठरवलं. मी खाल्ला. जाड कवच, आत किंचित गोडसर, भाजलेल्या धान्याचा दाट वास. लोणी लावायची गरज पडली नाही.

आपल्याकडे पावाला आंबवण कुठून मिळालं हे पाहायला गोव्यात जावं लागतं. पोर्तुगिजांना पाव हवा होता आणि यीस्ट नव्हतं, तेव्हा माडाच्या सुरेने, म्हणजे माडीने, पीठ फुगवलं गेलं. सणासुदीच्या सान्नां, म्हणजे तांदळाच्या इडल्या, सुरेवरच होत. आज बहुतेक पोदेर, म्हणजे तिथले पाववाले, बाजारचं यीस्ट वापरतात, कारण माडावर चढून सुर काढणारे रेंदेर कमी झालेत. माडावर चढणारा माणूस गेला की पावातली चव जाते, इतकी ही साखळी लांब आहे.

वहीत काय लिहायचं

काकांची वही पाहायला मिळाली. बँकेतल्या लेजरसारखी उभ्या रेघा मारलेली, निळ्या शाईतली. एक पान जसंच्या तसं उतरवते:

‘खोली ३४. पीठ ५००, पाणी ३४० (थंड), स्टार्टर ५०, मीठ १०. सकाळी ९.१० ला मळलं. ११ ला फुगायला सुरुवात. १२.४० ला बोट टेकवलं, खळगा हळू भरला. फ्रीज. दुसऱ्या दिवशी ६ ला भाजलं. खालून कच्चं. ओव्हन आधी पुरेसा तापवला नव्हता, घाई केली. नातू म्हणाला आंबट आहे. बरोबर आहे त्याचं.’

अशी कितीतरी पानं आहेत. फसलेल्या पानांना काका लाल टीक करतात, आणि बैठकीत तीच पानं आधी वाचली जातात.

मराठी स्वयंपाकाच्या पुस्तकांनी मापाचा प्रश्न मनावर घेतल्याला शंभर वर्षं उलटून गेली. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० सालचं. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये वाटी-चमच्याचं माप घरोघर पोहोचवलं आणि लग्न होऊन परगावी गेलेल्या कितीतरी मुलींना आधार दिला. पण आंबवण्याच्या बाबतीत वाटी पुरत नाही. ‘रात्रभर ठेवावे’ असं लिहिलेलं असतं. कोणती रात्र? नागपूरच्या मे महिन्यातली की महाबळेश्वरच्या डिसेंबरातली? घरात शिकणाऱ्या मुलीला हा प्रश्न पडत नसे, कारण आई शेजारी उभी असे आणि झाकण काढून म्हणे, “अजून थोडं.” आता आई तीनशे किलोमीटरवर असते. म्हणून खोलीचं तापमान, घड्याळ आणि वजनकाटा आला. माझ्या मते हा तोटा नाही. आईचं ‘अजून थोडं’ खूप काही जाणत होतं, पण ते तिच्या उंबऱ्याच्या आतच राहायचं. एका घरचं, एका जातीचं, एका आळीचं राहायचं. या खोलीत कोणाच्या घरचं काय हे विचारलं जात नाही. कोकणस्थ घरातल्या काकूंनी टेंपे शिकवलं आणि आगरी घरातल्या मुलीने त्यांना सुकटीच्या चटणीत ते परतून दाखवलं. दोघींनी एकमेकींच्या वह्यांत लिहून घेतलं.

पांढरी बुरशी हवी, काळी चालेल

टेंपेचं बस्तान मुंबईच्या बाजूला जास्त बसलंय. ठाण्यातल्या एका वन-रूम-किचनमध्ये ते करताना मी बसून पाहिलं. टेंपे हा इंडोनेशियाचा पदार्थ, मुळात सोयाबीनचा. शिजवलेल्या दाण्यांवर रायझोपस नावाची बुरशी वाढवायची, की दाणे एकमेकांत विणले जाऊन वडी तयार होते. घरच्या ताईंनी पावटे रात्री भिजवले होते. सकाळी पाण्यात चोळून सालं काढली. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला सुटका नाही, कारण सालावर बुरशी धरत नाही. मग अर्धवट शिजवून, चमचाभर व्हिनेगर घालून, निथळून, पंच्यावर पसरले.

“इथेच चुकतं लोकांचं,” त्या म्हणाल्या. “दाणा बाहेरून कोरडा व्हायला हवा. ओला राहिला की घाण वास मारतो. पंखा लावायचा आणि दाणा गालाला लावून बघायचा. गार लागला नाही, गरमही लागला नाही, की पूड घालायची.”

पूड चोळून दाणे टाचणीने भोकं पाडलेल्या पिशव्यांत भरले. तीस-बत्तीस अंशांची ऊब लागते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती फुकट मिळते. पहिले बारा-चौदा तास काहीच दिसत नाही. मग पिशवीवर आतून दव धरतं आणि दाण्यांभोवती धुकं दिसू लागतं. इथून पुढे बुरशी स्वतःच उष्णता सोडते, म्हणून ऊब देणं थांबवून पिशव्या एकमेकींपासून लांब ठेवायच्या. नाही ठेवल्या तर मधली पिशवी स्वतःच्याच उष्णतेने खराब होते. ताई त्यासाठी रात्री उठतात. दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी उघडली तेव्हा आत पांढरीशुभ्र, घट्ट वडी होती, आणि वास ताज्या अळंबीचा. कडेला थोडे राखाडी-काळे डाग होते. ते बुरशीच्या बीजाणूंचे, त्यांनी काही होत नाही. गुलाबी, केशरी किंवा हिरवा डाग दिसला, चिकट तार आली किंवा अमोनियाचा भपका आला, तर वडी सगळीच टाकायची. कापून बाकीची वाचवायची नाही.

एका बाबतीत त्या फार कडक आहेत. कोणीतरी ओल्या खोबऱ्याच्या चोथ्याचं टेंपे करून पाहू म्हणालं, त्यांनी जागच्या जागी थांबवलं. इंडोनेशियात हा प्रकार होता. त्यात कधी कधी वेगळाच जिवाणू शिरून बोंगक्रेकिक आम्ल नावाचं विष तयार करतो. त्याने अनेक बळी गेले आणि १९८८ मध्ये तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली. या विषाला वास नाही, चव नाही आणि शिजवल्याने ते जात नाही.

हौशी मंडळींबद्दल एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की हे लोक बुरशीशी खेळतात. मला उलट दिसलं. कोथरूडच्या खोलीच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे आणि नवीन माणसाला तो आधी मोठ्याने वाचावा लागतो. सोललेला लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवायचा नाही, कारण तेलाखाली हवा नसते, आम्लही नसतं, आणि बोटुलिझमच्या जिवाणूला नेमकं तेच हवं असतं. कैरीचं किंवा लिंबाचं लोणचं टिकतं ते एकट्या तेलाच्या तवंगाने नव्हे; फळाचं आम्ल आणि भरपूर मीठ आधी असतं, तेल वरची बुरशी अडवतं. भाजी खारवायची तर मीठ वजनावर घ्यायचं, भाजी आणि पाणी मिळून जे भरेल त्याच्या दोन ते तीन टक्के, आणि भाजी पाण्याखाली बुडालेली हवी. कोंबुचासाठी तांब्या-पितळेचं भांडं नको. दर वेळी जुनं आंबट कोंबुचा दहावा हिस्सा तरी घालायचं, म्हणजे पहिल्याच दिवशी बुरशीला दार बंद होतं. आणि बाटलीत फळ घातलं की रोज गॅस सोडायचा. दंतवैद्यांच्या घरी जांभळाची बाटली फुटली तेव्हा काचा छताला लागल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक खेपेला एक प्लॅस्टिकची बाटली सोबत भरायची पद्धत पडली. ती दाबून पाहायची, टणक झाली की काचेच्या सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये.

ज्या बरणीला परवाना लागतो

या टेबलावर बिअर नसते, वाइन नसते. तरुण मंडळींना ती करायला येते. माल्ट आणि हॉप्सचं शास्त्र त्यांनी वाचलंय. पण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे आणि घरगुती वापरासाठी त्यात सूट नाही. ते हा नियम पाळतात.

अमेरिकेत अशीच स्थिती होती. १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायची मुभा मिळाली, बिअरची राहिली. १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केली आणि १९७९ पासून घरात दोन प्रौढ माणसं असतील तर वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत बिअर करायची परवानगी आली. कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये चार्ली पापाझियन हे शाळामास्तर आधीपासूनच लोकांना बिअर करायला शिकवत होते. त्यांनी १९७८ मध्येच हौशी मद्यकारांची संघटना उभी केली. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात घरगुती बिअरचं सामान विकणारे केन ग्रॉसमन यांनी १९८० मध्ये सिएरा नेवाडाची पहिली बिअर काढली. आज जगभर क्राफ्ट बिअर म्हणून जे ओळखलं जातं त्याची मुळं अशा स्वयंपाकघरांत आणि गॅरेजांत आहेत. त्याची लाट पुण्यातही आली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रूअरींपैकी एक, डूलाली, २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. मधापासून मीड करणारी मूनशाइन मीडरीही पुण्याचीच.

घरी केलेली दारू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हातभट्टी आणि मालवणी येतं. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं विषारी दारूने गेली. त्या दारूत कारखान्यात वापरलं जाणारं मिथेनॉल मिसळलेलं होतं. धान्य, साखर किंवा मध आंबवून इतकं मिथेनॉल तयार होत नाही. फळांच्या पेक्टिनपासून होतं ते अगदी थोडं. माणसं मारते ती भेसळ, आंबवणं नव्हे. हा फरक सगळ्यांना माहीत असायला हवा, कारण तो माहीत नसल्यामुळे बदनामी भलत्याच लोकांच्या वाट्याला येते.

ते भलते लोक म्हणजे ज्यांना हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या येत होतं. ठाण्या-पालघरच्या डोंगरांत मोहाची फुलं वेचली जातात, वाळवली जातात, टंचाईच्या महिन्यांत खाल्ली जातात आणि आंबवून गाळलीही जातात. इंग्रजांना अबकारीचा महसूल हवा होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळप मक्तेदारांकडे गेलं, आणि १८९२ च्या मोहाच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत खुद्द फुलांवरच निर्बंध आले. अंगणात पडलेलं फूल जवळ बाळगणं अडचणीचं झालं. गोव्यात वेगळं घडलं. काजूची बोंडं तुडवून, निरो गाळून, हुर्राक आणि मग फेणी काढण्याची रीत तिथे उजेडात चालत राहिली, आणि २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्हीकडची विद्या एकाच जातकुळीची. एकीला मानांकन मिळालं, दुसरीच्या वाट्याला पोलिसांची धाड आली. शहरातल्या हौशी माणसाने कोंबुचाची बाटली उघडताना हे ध्यानात ठेवावं असं मला वाटतं. त्याच्या प्रयोगाला कौतुक मिळतं. मोहाची विद्या जपणाऱ्या बाईला अजून ते मिळालेलं नाही.

कढईभोवती

गणपतीनंतरची बैठक अनारशांची होती. आंबवणाच्या टेबलावर अनारसे कशाला, असं मी विचारलं, तर शास्त्राच्या बाईंनी मलाच विचारलं, “तीन दिवस तांदूळ भिजवून आपण करतो काय मग?”

तांदूळ तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी उपसून सावलीत पंच्यावर पसरायचा आणि ओलसर असतानाच दळून चाळायचा. तेवढ्याच वजनाचा किसलेला गूळ, थोडं तूप, घट्ट गोळा करून डब्यात. तो चार-पाच दिवस मुरायचा. मग खसखशीवर थापून, मंद आचेवर, खसखशीची बाजू वर ठेवून तळायचा. झाऱ्याने तूप उडवत राहायचं, उलटायचा नाही. जाळी पडली तर अनारसा; विरघळून तुपात पसरला तर तो ‘हसला’.

प्रश्न असा होता: जाळी तीन दिवसांच्या भिजण्याने पडते की आंबण्याने? त्यासाठी एकाच पोत्यातला तांदूळ चार प्रकारे भिजवला होता. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. आणि चौथा, तीन दिवसच, पण फ्रीजमध्ये, म्हणजे भिजेल पण आंबणार नाही. डब्यांवर फक्त क, ख, ग, घ. कुठला कोणता हे एकट्या बारावीवाल्या मुलीला माहीत.

तळायला त्यांनी कसब्यातल्या एका मावशींना बोलावलं होतं. त्या दिवाळीआधी अनारशाचं पीठ विकतात आणि त्यावर त्यांचं घर चालतं. शास्त्राच्या बाईंनी आग्रह धरून त्यांचं मानधन आधीच ठरवलं होतं. मावशींनी कढईला हात लावायच्या आधी चारही डबे उघडून हुंगले. ‘घ’ बाजूला सारला.

“याला वासच नाही. हा आंबलेला नाही.”

मुलीने हळूच मान डोलावली. ‘घ’ फ्रीजचा होता.

मग त्यांनी प्रत्येक डब्यातलं पीठ मुठीत दाबलं. “मूठ वळली पाहिजे आणि बोटाने टोचली की फुटली पाहिजे. हा ‘क’ वळतोय, पण फुटत नाही. ओल जास्त राहिलीय.” काका वजनकाटा घेऊन तयारच होते. ‘क’ हसला. ‘ख’ला तुरळक जाळी पडली. ‘ग’, तीन दिवसांचा, तुपात टाकल्यावर कडेपासून मधे भराभर भोकं पडत गेली आणि खसखस उचलली गेली. ‘घ’ला जाळी पडली पण विरळ, आणि खाताना तो कडक लागला. लगेच वाद झाला. कोणी म्हणालं, बघा, आंबणंच महत्त्वाचं. काका म्हणाले, ‘घ’ वाळायला जास्त वेळ लागला होता, ओल सारखी नव्हती, एका घाण्यावरून काही ठरवायचं नाही. वहीत दोन्ही मतं लिहिली गेली. मला काकांचं पटलं.

तळून झाल्यावर मावशींनी आपला प्रश्न काढला. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यांच्या पिठाला आठ-दहा दिवसांनी वरून बुरशी धरते आणि गिऱ्हाईक डबा परत आणतं. गूळ वाढवला तर टिकतं, पण मग अनारसा हसतो. तुम्ही एवढे बरण्या भरून बुरशीच बघता, तर याचं सांगा.

खोली एकदम कामाला लागली. ठाण्याच्या ताईंनी डब्याच्या झाकणाची आतली बाजू पाहायला सांगितली. तिथे घाम धरत असणार, आणि तो पिठावर टपकत असणार. पिठात गुळाने पाणी धरून ठेवलंय, पण वरच्या थेंबावर गूळ नाही, बुरशी तिथेच बसते. दंतवैद्यांनी हवा न राहील असं पीठ दाबून भरून वर तुपाचा पातळ थर द्यायला सुचवलं. मुलगी म्हणाली, पाच दिवस बाहेर मुरू द्यायचं आणि मग सगळं फ्रीजमध्ये. मावशींचं यावर म्हणणं असं की गिऱ्हाइकाच्या फ्रीजवर माझा ताबा नाही, उपाय डब्यातच हवा.

शेवटी चार डबे ठरले. एक नेहमीसारखा, एक तुपाच्या थराचा, एक झाकणाखाली कोरडं सुती फडकं घातलेला, आणि एक गोळ्यांऐवजी दाबून सपाट भरलेला. पीठ मावशींचं, त्याचे पैसे सगळ्यांनी मिळून द्यायचे, डबे काकांच्या घरी आणि रोज सकाळी नोंद. मावशींनी अट घातली की दळणाच्या दिवशी सगळ्यांनी कसब्यात यायचं, पहाटे पाचला, आणि प्रत्येकाने एक धुतलेला पंचा आणायचा, त्यांचे पुरत नाहीत. निकाल धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी हातात हवा, नंतर मिळून त्यांना उपयोग नाही.